भिंतीआडची तार



पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे गावोगावी अशा माला निघाल्या, आणि त्यांतून विद्वानांनी मोठ्या विषयांवर बोलावे असा शिरस्ता पडला. मी विद्वान नव्हे. चिंचवडच्या बाजूस एका कारखान्याच्या विद्युत विभागात ३४ वर्षे नोकरी करून घरी बसलेला मी एक वायरमन आहे. चिटणीस माझ्याकडे विषय विचारावयास आले तेव्हा मी म्हटले, "भिंतीत खिळा ठोकताना आतली तार दुखावली तर काय करावे, यावर बोलतो." ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "खिळ्यावर व्याख्यान?" मी म्हटले, "होय, खिळ्यावरच. एका खिळ्याची गोष्ट सांगावयाची माझ्याकडून कित्येक वर्षे राहून गेली आहे."

ती गोष्ट सांगणारच आहे. परंतु तिच्याआधी दोन शब्द पार्श्वभूमीदाखल सांगितले पाहिजेत.

आपल्या इंद्रायणीचा आणि विजेचा संबंध शंभर वर्षांहून जुना आहे. नदीच्या उगमाकडे, लोणावळ्याजवळ, वळवणचे धरण आहे. टाटांच्या जलविद्युत योजनेत त्या परिसरातल्या तलावांचे पाणी घाटाखाली उतरवून खोपोलीस वीज निर्माण होऊ लागली ती १९१५ साली, आणि तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आता पाहा, पाणी डोळ्यांना दिसते. नळ गळू लागला तर थेंब दिसतो, घागर फुटली तर ओटा भिजतो. त्याच पाण्याची वीज झाली की ती दिसेनाशी होते. ती गळू लागली तर जमीन भिजत नाही, आवाज होत नाही, वासही बहुधा फार उशिरा येतो.

पूर्वी वीज दिसत नसली तरी तार दिसत असे. जुन्या घरांतील वायरिंग ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल की भिंतीवर सागवानी पट्टी ठोकलेली असे आणि तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांनी तार बसविलेली असे. कोठे लाकडी खाचेत तार घालून वर झाकणपट्टी मारीत. तारेवरचे रबर जुने झाले की कडक होई आणि त्याला चिरा पडत. उंदराने तार कुरतडली तर ती कुरतडलेली दिसे. शोभा नव्हती खरी, पण दोष उघड्यावर होता. पुढे सिमेंट काँक्रीटची घरे आली. भिंतीत झिरी खोदावी, तीत पाईप बसवावा, पाइपातून तार ओढावी आणि वरून गिलावा करावा, अशी पद्धत रूढ झाली. पद्धत वाईट नाही, नीट केली तर उलट जास्त सुरक्षित आहे. परंतु तार दिसेनाशी झाली तशी तिची दुखणीही दिसेनाशी झाली.

आता माझी गोष्ट. साल १९९६. जुन्या घराच्या मागे आम्ही दोन पक्क्या खोल्या बांधल्या. त्यांतील वायरिंग मीच केले होते, हे ध्यानात ठेवा. वडील त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. त्यांची तसबीर नव्या खोलीत लावावी म्हणून एका रविवारी मी पोलादी खिळा घेऊन भिंतीशी उभा राहिलो. तिसऱ्या घावास भिंतीतून ठिणगी उडाली आणि दिवा गेला. बटणाच्या बोर्डापासून दिव्याकडे जाणारी तार बरोबर तेथूनच गेलेली होती. ती मीच घातली होती, आणि मीच विसरलो होतो.

मी काय करावयास हवे होते ते मला त्या वेळीही ठाऊक होते. कारखान्यात असे घडले असते तर मी यंत्र बंद करून, पाटी लावून, वरिष्ठांना कळवून मगच पुढचे काम केले असते. घरी मात्र मला लाज वाटली. विद्युत विभागातला माणूस आपल्याच घरातल्या तारेत खिळा मारतो, हे चारचौघांत हसे होण्यासारखे होते. मी खिळा उपटला, दोन बोटे बाजूला पुन्हा ठोकला, भोकात थोडे सिमेंट भरले आणि फ्यूजला नवी तार घातली. दिवा लागला. मी मनाशी म्हटले, काही झाले नाही.

तीन महिन्यांनी ज्येष्ठ आला. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखीचे प्रस्थान असते. त्या दिवसांत देहूत कोणाच्या घरी किती माणसे उतरतात हे मी आपणांस सांगावयास नको. आमच्या घरीही ओसरीपासून माडीपर्यंत माणसे होती, आणि दोन दिवस पावसाची झड लागलेली होती. नव्या भिंतीला ओल आली होती. पाहुण्यांचे ओले कपडे वाळत घालावेत म्हणून कोणीतरी खोलीत तार बांधली. लोखंडी तार. तिचे एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरे तसबिरीच्या खिळ्याला. सायंकाळी माझी आई ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून त्या तारेवर धोतर टाकावयास गेली आणि मागे फेकली गेली. मनगट मोडले. आम्ही तिला उठविले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, भिंत चावली मला."

सगळे म्हणाले, म्हातारीला घेरी आली. दिवसभर उभी होती, पोटात काही नाही. मी मेन स्विच बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी पाहुणे पालखीबरोबर गेल्यावर भिंत फोडून तार बदलली. पण कोणाला काही सांगितले नाही. पुढे कित्येक वर्षे आईच्या त्या बोलण्याची घरात थट्टा होत असे. लहान मुले तिला विचारीत, "आजी, आज भिंत चावली का गं?" तीही हसे. शेवटी शेवटी तर तीच म्हणू लागली की, मला घेरीच आली असेल. मी ते ऐकून घेई आणि गप्प बसे. ती गेली तोवर मी गप्पच होतो.

आता त्या भिंतीत नेमके काय घडले ते समजून घेऊ. घरातल्या तारांत एक फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थिंगची. बहुतेक घरांत फेजला लाल, न्यूट्रलला काळी आणि अर्थिंगला हिरवी तार वापरलेली आढळते. खिळा भिंतीत शिरला की चार प्रकार होऊ शकतात.

पहिला प्रकार, खिळा फेज आणि न्यूट्रल दोहोंना एकदम टेकतो. मोठा प्रवाह वाहतो, ठिणगी उडते, फ्यूज जातो किंवा एमसीबी पडते. हा प्रकार गाजावाजा करतो, म्हणून त्यातल्या त्यात बरा. दुसरा, खिळा नुसत्या फेजला टेकतो. तेव्हा काहीच होत नाही. दिवा चालू, पंखा चालू. फक्त त्या खिळ्यात २३० व्होल्ट उभे असतात आणि हात लावणाऱ्याची वाट पाहतात. तिसरा, खिळा तारेचे आवरण खरवडून निघून जातो. कोरड्या दिवसांत सर्व ठीक. पावसाळ्यात ओल्या गिलाव्यातून वीज झिरपू लागते. माझ्या घरी प्रथम पहिला प्रकार झाला आणि मी खिळा उपटल्यावर त्याचा तिसरा झाला.

चौथा प्रकार सर्वांत संथ. तार अनेक बारीक धाग्यांची असते. खिळ्याने वा ड्रिलने त्यांतले काही तुटतात, काही उरतात. उरलेल्या धाग्यांवरून काम चालते. आता २००० वॉटचा गीझर त्या तारेवर असेल तर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह वाहतो. दुखावलेल्या जागी किंवा घाईने पिळलेल्या जोडात केवळ ०.२ ओहम इतका रोध निर्माण झाला, तरी त्या ठिकाणी सुमारे १५ वॉट उष्णता तयार होते. लहान सोल्डरिंगच्या इस्त्रीची एवढीच शक्ती असते. ती इस्त्री वाटाण्याएवढ्या जागेत, भिंतीच्या आत, रोज सकाळी चालू ठेवण्यासारखे हे आहे. प्रवाह नेहमीचाच असल्यामुळे एमसीबीला त्यात काही वावगे दिसत नाही.

आपण म्हणाल, मग फ्यूज कशासाठी असतो? मंडळी, फ्यूज आणि एमसीबी ही तारेची राखण करतात, माणसाची नव्हे. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे एक मिलिअँपिअर. एवढा प्रवाह अंगातून गेला तर मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या पुढे, काही क्षण टिकला तर, श्वासाला आणि हृदयाला धोका सुरू होतो. माझा फ्यूज ५ अँपिअरचा होता, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. आईच्या अंगातून गेलेला प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नव्हता.

माणसाची राखण करणारे उपकरण वेगळे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. फेजवरून जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलवरून परत आला की नाही, याचा ते सतत हिशेब ठेवते. हिशेबात ३० मिलिअँपिअरची तूट आली, म्हणजे वीज कोठेतरी भिंतीतून वा माणसातून जमिनीत चालली असे समजून, ते क्षणाच्याही अंशात पुरवठा तोडते. त्यावर एक चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. दाबूनही उपकरण पडले नाही तर ते शोभेचे आहे असे समजावे. ज्यांच्या घरी ते नसेल त्यांनी एखादा सण कमी करून ते बसवावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. अर्थात् ते बसविले म्हणून दुखावलेली तार बरी होत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष प्रसंग आला तर काय करावे ते क्रमाने सांगतो.

खिळा वा ड्रिल तारेला लागल्याची शंका आली की हात थांबवा. धातूला स्पर्श करू नका, खिळा उपटू नका, ड्रिल अडकले असेल तर ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. एमसीबी पडली असेल तर "पाहू या टिकते का" म्हणून ती वर करू नका. पडली ती कारणानेच पडली. मेन स्विचच सापडत नसेल, किंवा मीटरपाशी ठिणग्या दिसत असतील, तर महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवा. मीटरपुढची घरातली तार मात्र आपली आणि तिची जबाबदारीही आपलीच.

दुसरी गोष्ट टेस्टरची. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, असे समजू नका. जेथे वीज निश्चित आहे तेथे तो आधी लावून पाहावा, मग संशयाच्या जागी, आणि नंतर पुन्हा पहिल्या जागी. न्यूट्रलची तार तुटली असेल तर दिवा लागत नाही, पण सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो, आणि माणूस गोंधळतो. अशा वेळी दिवा लागत नाही म्हणून तार मेलेली आहे असे समजणे जिवावर बेतते.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी सांगितले आणि २०१० व २०२३ च्या सुरक्षा नियमांनी कायम ठेवले ते असे, की दिवा, पंखा, फ्यूज, बटण यांसारखी किरकोळ बदली सोडून घरातील विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून करून घ्यावे. भिंतीतील तार ही किरकोळ बदली नव्हे. तो कारागीर काय करतो यावर मात्र आपण लक्ष ठेवू शकता. उत्तम दुरुस्ती म्हणजे दुखावलेली तार एका डबीपासून दुसऱ्या डबीपर्यंत पूर्ण काढून पाइपातून नवी, अखंड तार ओढणे. पाईप फुटला असेल तर तेवढा तुकडाही बदलावा. तार ओढणे शक्यच नसेल तर त्या ठिकाणी भिंतीत डबी बसवून, तिच्यात योग्य कनेक्टरने जोड करून, वर उघडता येईल असे झाकण लावावे. झाकण दिसले तर दिसू द्या. परंतु तारा पिळायच्या, त्यांवर टेप गुंडाळायचा आणि वरून गिलावा करायचा, असे कोणी करू लागला तर त्याला तेथेच थांबवा. टेप काही वर्षांनी उष्णतेने सुकतो आणि सुटतो. तोपर्यंत त्या जागेवर रंगाचे दोन हात झालेले असतात आणि जोड कोठे आहे हे कोणाला आठवत नाही.

चौथी गोष्ट, गिलावा करण्यापूर्वी मेगरने तपासणी करून घ्या. मेगर ५०० व्होल्टने तारेच्या आवरणाची परीक्षा घेतो. रोध एक मेगओहमपेक्षा कमी आला तर काम पुरे झालेले नाही. आणि कोणास शॉक बसून तो चिकटलाच, तर त्याला धरू नका. मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर लोटा, आणि १०८ ला फोन करा. श्वास बंद असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहा.

हे झाले तंत्र. पण मित्रहो, मला जे सांगावयाचे आहे ते याहून वेगळे आहे. आपल्या गावाच्या एका अंगाला तळवडे, चिखली, पलीकडे चाकण. हा सारा कारखान्यांचा मुलूख. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे या भागाचे रूप पालटले. बाहेरगावची हजारो मुले येथे नोकरीस येतात आणि तुमच्या आमच्या खोल्यांतून राहतात. ११ महिन्यांचा करार, वर अनामत रक्कम. अशा एका खोलीतला मुलगा एकदा रात्री माझ्याकडे आला. लातूरकडचा, वीस-बावीस वर्षांचा. म्हणाला, "काका, आरसा लावायला खिळा मारला आणि लाइट गेली. तुम्ही गुपचूप करून द्या, पैसे देतो. पण मालकांना सांगू नका. डिपॉझिट जाईल." मी जाऊन पाहिले. त्याने भोकात टूथपेस्ट भरून ते पांढऱ्या भिंतीत दिसेनासेही केले होते. काम सफाईदार होते. दोन महिन्यांनी तो खोली सोडणार होता. त्याच्या जागी येणाऱ्याला तेथे भोक होते हे कळण्याचा मार्गच उरला नसता.

मला त्याच्यात मी दिसलो. मला हसे होण्याची भीती होती, त्याला अनामत जाण्याची. मी त्याला सोबत घेऊन मालकांकडे गेलो. मालक आधी रागावले, "भाड्याची भिंत आहे, खिळे कशाला मारता?" म्हणून. मी त्यांना म्हटले, "दादा, याने सांगितले नसते तर तुम्ही काय केले असते?" ते म्हणाले, "मला कळलेच नसते." मी म्हटले, "तेच तर." ते काही वेळ बोलले नाहीत. शेवटी तार त्यांनी आणून दिली आणि मजुरी मुलाने दिली. तार फार लागली नाही.

येथे बसलेल्यांपैकी अनेकजण घरमालक आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. आपला भाडेकरू तार दुखावल्याचे सांगावयास आला, आणि आपण पहिला शब्द अनामतीचा काढला, तर पुढच्या खेपेस तो येणार नाही. तो टूथपेस्ट आणील. कोणी आपण होऊन सांगितले तर दुरुस्तीचा खर्च वाटून घेऊ, आणि लपविले तर मात्र सगळा त्याच्यावर, असे करारातच लिहा. त्यात आपले दोनपाचशे रुपये जातील. भिंत मात्र खरी राहील.

आणि मुळात खिळा चुकावा यासाठी थोडी काळजी आधीच घेता येते. घर बांधत असाल तर गिलाव्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र काढा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि ते घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. तारा सरळ उभ्या वा सरळ आडव्याच घालावयास सांगा. ब्रिटनमधील नियमांत भिंतीतील तारांना अशा ठराविक पट्ट्या नेमून दिलेल्या आहेत, आणि तार ५० मिलिमीटरपेक्षा कमी खोल असेल तर सामान्यतः ३० मिलिअँपिअरचे संरक्षण मागितले जाते. आपल्याकडे कारागीर पाईप वाचविण्यासाठी कित्येकदा तिरकी झिरी मारतो. ती मारू देऊ नका. राहत्या घरात खिळा ठोकावयाचा असेल तर बटण, सॉकेट वा दिवा यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि सरळ बाजूस ठोकू नका. आणि ठोकताना मेन बंद ठेवा. उजेड हवा असेल तर दिवसा ठोका.

श्रोतेहो, तारेला जखम होणे हा अपघात आहे. तो माझ्यासारख्या जन्मभर तारा ओढणाऱ्याच्याही हातून होतो. ती जखम झाकणे हा अपघात नव्हे. म्हणून आज घरी गेल्यावर एवढे करा. मुलांना, सुनांना, भाडेकरूंना सांगून ठेवा की भिंतीत काही लागले तर आधी मेन बंद करायचा आणि लगेच सांगायचे, कोणी रागावणार नाही. आणि घरातले कोणी म्हातारे माणूस वा लहान मूल म्हणाले की भिंतीला हात लावला तर झिणझिण्या येतात, तर त्याला हसू नका. मेन बंद करा आणि भिंत तपासा.

माझी आई खरे बोलत होती. तिला घेरी आली नव्हती. हे तिच्यासमोर सांगावयास हवे होते. ते राहिले, म्हणून आज आपल्यासमोर सांगितले.